साळुबाईची कॅसेट

महाळुंगे पडवळला लग्न ठरलं, की पत्रिका छापायच्या आधी कुणीतरी साळुबाईकडे हळदीचं आवतण घेऊन जायचं. सोयरे रुसले तर समजूत काढता येते, पण साळुबाई दुसऱ्या मांडवात गेली तर हळद मुकी जाते, असं बायका म्हणायच्या. आणि गंमत बघा, ही साळुबाई बाविसाव्या वर्षी विधवा झालेली. नवरा गेल्यावर भाऊ हौशीरामाने तिला माहेरी आणली, ती कायमचीच. जिच्या कपाळाला कुंकू नाही तिला हळदीत कोण बसवणार? पण देवाने गळाच असा दिला होता, की गावाने नियम जरा वाकवला. सवाष्णींनी जात्याला हळकुंड बांधायचं, खुंटा धरून हळद दळायची, आणि साळुबाईने दोन हात लांब पाटावर बसून, जात्याच्या लयीवर नुसता हात फिरवत ओव्या म्हणायच्या. हळदीला बोट लावायचं नाही.

त्या दोन हातांच्या जागेवर तिने पंचवीस वर्षं काढली. एरवी ती भावाच्या घरची धुणीभांडी ओढणारी बाई. लग्नसराईत मात्र ती पाटावर बसली, की चुरूचुरू बोलणाऱ्या बायकाही गप्प व्हायच्या.

पिवळी झाली बाई, माझ्या मैनेची पावलं,
उंबऱ्याला पुसे, काय माझं हारवलं.

ही तिची स्वतःची ओवी. ती सुरू झाली की नवरीची आई हमखास रडायची. साळुबाईला जगायला एवढं पुरत होतं.

हौशीरामाचा थोरला पप्पू मंचरच्या एका बँडमध्ये कॅसिओ वाजवायचा. सत्त्याण्णव साली त्याच्या डोक्यात कॅसेटचं खूळ शिरलं.

"आत्या, तुझी हळद रेकॉर्ड करू. लई चालंल."

"मला काय जमतंय रं?" साळुबाई म्हणाली खरी, पण मनातून हरखली. एकाच तिथीला दोन लग्नं आली की एका घरी नाही म्हणावं लागे, आणि ते तिच्या जिवाला लागायचं. "म्हंजे मंग कुनालाच न्हाई म्हनाया नगं," ती म्हणाली. बाईने आपल्या पायावर धोंडा पाडून घेतला तो असा, हसत हसत.

मंचरच्या केवलचंदचं कॅसेटचं दुकान होतं. वरच्या माळ्यावर भिंतींना गोधड्या टांगून रेकॉर्डिंगची खोली केलेली. साळुबाईला माईकपुढे बसवलं, पण आवाज फुटेना. हात फिरल्याशिवाय ओवी यायची कशी? जातं आणावं तर त्याची घरघर टेपात शिरणार. शेवटी पप्पूने पुढ्यात रिकामा पाट ठेवला. साळुबाईने त्यावर हात गोल फिरवायला घेतला आणि गळा मोकळा झाला.

ओवी संपल्यावर केवलचंद म्हणाला, "आवाज एकच नंबर. पण पप्पूशेठ, हे वरातीत वाजायचंय. लोक नाचले पाहिजेत, रडून कसं चालेल?"

पप्पूने उंबऱ्याची ओळ काढून टाकली. पहिलीच ओळ चार वेळा घेतली, मध्ये पोरींचं 'पावलं गं पावलं' घातलं, खाली ढोलकीचा ठेका लावला आणि टेप पळवली. सत्तेचाळीस वर्षांची साळुबाई सोळा वर्षांच्या पोरीसारखी किणकिणायला लागली. कॅसेटवर भलत्याच पोरीचा फोटो आला आणि खाली 'पप्पू अँड पार्टी'.

गाणं असं चाललं, की विचारू नका. आळेफाट्यापासून ओझरपर्यंत वरात निघाली की हेच. गावच्या वरातीत पहिल्यांदा ऐकलं तेव्हा साळुबाई तोंडाला पदर लावून हसली. ज्याला त्याला सांगत सुटली, "ह्यो माजा आवाज हाय, राव!" लोक म्हणायचे, काय सांगता!

पुढच्या लग्नसराईत मात्र आवतणं अर्ध्यावर आली. त्याच्या पुढच्या साली दोन. मग एकही नाही. हळद दळून मिळायला लागली, मांडवात टेप वाजायला लागला. गरज सरो वैद्य मरो, दुसरं काय! तिथीच्या दिवशी साळुबाई धुतलेलं लुगडं नेसून ओट्यावर बसायची आणि चार वाजले की बदलून भांडी घासायला जायची. एकदा हौशीराम म्हणाला, "साळे, कशापायी वाट बघतीस? तूच गेली की समद्यांच्या घरी." त्याला वाईट बोलायचं नव्हतं. तिला मात्र दोन दिवस अन्न गोड लागलं नाही.

एकच आशा उरली होती, वृषाली. पप्पूची ही धाकटी बहीण साळुबाईच्याच कुशीत वाढलेली. दोन हजार सहा साली तिचं लग्न ठरलं. घरचीच हळद, इथे आवतण कशाला लागतंय, असं साळुबाईने स्वतःला समजावलं.

भर दुपारी हळद सुरू झाली. पप्पूने डीजे लावलेला, आत्याच्याच गाण्यावर पोरी नाचत होत्या. आणि लोडशेडिंगची लाईट गेली. मांडव एकदम गप्प झाला. कोपऱ्यात उभी साळुबाई पुढे आली, वृषालीपासून दोन हात लांब भुईवर बसली, जमिनीवर हात फिरवत ओवी म्हणू लागली. सात वर्षांनी. आवाज थोडा फाटला होता, तरी तिचाच होता.

"आजी, लई हळू म्हनताय," एक करवली ओरडली. "कॅसेटमधल्यासारखं म्हना की!"

साळुबाईने हात भरभर फिरवला. शब्द धडपडू लागले, श्वास पुरेना. पोरी खुसुखुसू हसल्या. वृषालीचे डोळे भरून आले. "आत्या, ऱ्हाऊ दे. दमलीस तू," ती म्हणाली.

तेवढ्यात पप्पूने जनरेटर चालू केला. पोरींनी टाळ्या पिटल्या. भावजय प्रयागबाई हळदीची वाटी घेऊन आली आणि हलक्या आवाजात म्हणाली, "वन्सं, तुमी आता आत बसा. पोरीला हळद लावायचीय, पावणं बघत्यात."

इतक्या वर्षांत हे तिला हळदीत कुणी म्हणालं नव्हतं. साळुबाई उठली, आतल्या खोलीत गेली आणि तांदळाच्या पोत्याला टेकून बसली. तिला रडू आलं नाही. जगून आता करायचं तरी काय, एवढंच मनात आलं.

बाहेर वृषालीच्या गालांना हळद लागत होती आणि साळुबाई मांडवभर गात होती. तिच्या आवाजाला कुणी आत बस म्हणालं नाही.