मुखवट्याचं अस्तर

लिहायला बसलो याबद्दल आधी माफी मागतो. आमच्या घरात कॉलेजात जाणारा मी पहिला, आणि तोही मिशिगनच्या पोलीस खात्यातून निवृत्त झाल्यावर. चार ओळी लिहितानाही हात अडखळतो. पण एक प्रकरण अजून डोक्यातून जात नाही आणि त्याचा रागही जात नाही.

आमच्या हद्दीत एक छोटं गाव होतं. तिथल्या लोकांचे पूर्वज आल्प्स पर्वतातले. डिसेंबरात एका रात्री ते शिंगांचे लाकडी मुखवटे आणि केसाळ कातडी घालून, कमरेला घंटा बांधून मिरवणूक काढत. हातात काटक्यांची जुडी. ती बघ्यांच्या पोटरीवर हलकेच मारायची, एवढाच रिवाज. त्या वर्षी एकाने जुडी उलटी धरली आणि तिच्या दांड्याने एका मुलीच्या उजव्या डोळ्यावर मारलं. मुलगी नागपूरची, जवळच्या ट्रॉय शहरात मावशीकडे राहून शिकणारी.

हॉस्पिटलात जबाब घेतला. "काका, मी फक्त व्हिडिओ काढत होते," ती म्हणाली. "माझा डोळा राहील ना?"



आमचे सार्जंट म्हणाले, "जत्रेत असं होतंच. सोडून दे." मी फाईल बंद केली नाही.

तिसऱ्या दिवशी स्टेशनवर एका बाईंचा निनावी फोन आला. 'डाव्या शिंगाचं टोक तुटलेला मुखवटा बघा,' एवढंच बोलून त्यांनी ठेवला. मुलीच्या व्हिडिओतही तोच होता. वॉरंट काढून तो ताब्यात घेतला. मिरवणूक काढणाऱ्या मंडळाच्या दहाही जणांचा जबाब एकच, "हाताला येईल तो मुखवटा चढवतो. कोणी कोणता घातला, कसं सांगणार?"

त्यांचा म्होरक्या हसला. "ऑफिसर, मुखवटा चढला की माणसाला नाव नसतं. तुमच्याकडे असलं काही नसेल, म्हणून तुम्हाला कळत नाही."

आमच्याकडे होतं. मोखाड्याला माझे बाबा बोहाड्यात, म्हणजे देवादिकांच्या सोंगांच्या उत्सवात, लाकडी मुखवटा घालून नाचायचे. आत जुन्या लुगड्याच्या घड्या, त्यांच्याच डोक्याच्या मापाने लावलेल्या. दुसऱ्याने घातला की भोकं डोळ्यांवरून सरकत आणि पाऊल टाकता येत नसे. मी या मुखवट्याच्या आत हात घातला. लोकरीचं अस्तर, एका बाजूला दुप्पट जाड.

"कोणालाही बसतो ना? मग एकेकाने घालून कॉरिडॉरच्या टोकापर्यंत चाला."

म्होरक्या खुशाल तयार झाला. त्यांचे वकीलही हसत होते.

पहिले सात जण भिंतीला धडकले किंवा दोन पावलांत थांबले. आठव्याने मात्र सवयीने, न बघता कानामागचा पट्टा एक भोक सैल केला, मुखवटा चढवला आणि सरळ चालत गेला.

"पट्टा तिथे आहे, हे तुला कसं कळलं?"

वकिलांनी त्याला गप्प राहायची खूण केली, पण तो भडकला होता. "तोंडासमोर फोन नाचवत होती! आमच्या गावच्या रात्री तिचं काय काम होतं?"

कोर्टात त्याने गुन्हा कबूल केला. मिळालं काय, तर प्रोबेशन. तुरुंग नाही, नुसती देखरेख.

परंपरा जपतो म्हणणारे उरलेले नऊ जण त्याला जपत होते. कोण आहे, हे प्रत्येकाला माहीत होतं. त्या एकापेक्षा या नऊ जणांचा मला जास्त राग येतो. गुन्हेगार शोधणं मी नोकरीत शिकलो होतो. सभ्य माणसं किती सहज खोटं बोलतात, हे या प्रकरणाने शिकवलं.

ती मुलगी आता दुसऱ्या राज्यात, हर्नडनला नोकरी करते. गेल्या आठवड्यात तिचा फोन आला.

"काका, शेवटचं ऑपरेशनही झालं. उजव्या डोळ्याने आता कधीच दिसणार नाही."