कुवेतमामाचे दात
कुवेतमामाला वरचे पुढचे दोन दात नव्हते, आणि बोलायच्या आधी त्याचा हात चाले. आमची ओळखच थोबाडीत मारून झाली. आणीबाणी उठून वर्षभर झालं होतं. तुमसरच्या एका राइस मिलच्या फाटकावर मी युनियनची पत्रकं वाटत होतो. त्यानं एक घेतलं, 'मालकांस नम्र विनंती' या ओळीवर काळं बोट ठेवलं आणि विचारलं, "हे कोनं लिवलं?" मी अभिमानानं म्हणालो, "मी." दोन दिवस गाल सुजला होता.

"विनंती मी तीन वर्सं केली, भाऊ," तो म्हणाला. "चाल, चहा पाजतो."

चहावर कळलं ते असं. फिटर म्हणून तो कुवेतला गेला. पहिल्याच दिवशी कंत्राटदारानं पासपोर्ट घेऊन कपाटात टाकला. आई गेल्याची तार आली तेव्हा मामानं तो मागितला. मिळाला नाही. मागतच राहिला. शेवटी पान्ह्यानं कपाट फोडलं, आडव्या आलेल्या मुकादमाचं नाक फोडलं. पोलिसांच्या बुटांखाली दात गेले. काही महिने तुरुंगात सडवून तिथल्या सरकारनं त्याला विमानात बसवून दिलं.

तुमसर रोड स्टेशनवर सगळी आळी घ्यायला गेलेली. तिकडून येणारा माणूस म्हणजे टेपरेकॉर्डर, मऊ ब्लँकेट, घड्याळ. मामा उतरला तो एक प्लास्टिकची पिशवी घेऊन. साळ्यानं विचारलं, "भाऊजी, काय आनलं कुवेतहून?" मामानं तोंड उघडून दाखवलं. "हे देऊन सोताले आनलं."

बायकोनं त्याच रात्री शपथ घातली, "आता कोनाचं नाक फोडाचं नाही. माही आन आहे तुमाले." आणि मामानं ती पाळली. मला मारली ती त्याच्या हिशेबात नव्हती. नाक फुटलं नव्हतं ना.

परतल्यावर तो त्याच राइस मिलमध्ये लागला होता. तिथली रीत लिहिताना आजही माझं डोकं फिरतं. सकाळी मजुरांच्या सायकली शेडमध्ये ओळीनं लावायच्या, सगळ्यांच्या चाकांतून एकच लांब साखळी ओवायची, किल्ली हजेरी-हिशेब ठेवणाऱ्या मुनशीच्या खिशात. ट्रक भरून निघेपर्यंत साखळी निघत नसे. चोऱ्या होतात म्हणून, असं मालक सांगे, आणि आमचे भोळे लोक वर त्याचे आभार मानत. मामा जेवणाच्या सुट्टीत त्या साखळीसमोर उभा राही, दातांच्या खिंडीत जीभ फिरवत. मुनशी डिवचे, "काय शेखसाहेब, उंट शोधून राहिले का?"

एका दुपारी धान उकडायच्या टाकीचा वाफेचा नळ फुटला. धान पसरवणारी पार्वताबाई मानेपासून कमरेपर्यंत भाजली. दवाखाना तीन मैलांवर. लोक सायकलींकडे धावले. मुनशी म्हणाला, "मालक जेवून राहिले. विचारून उघडतो."

मामा छन्नी-हातोडा घेऊन आला. मुनशीनं साखळीवर पंजा ठेवला.

"हात काढ, मुनशी."

"नाही काढत. काय करशीन?"

मामानं पहिला घाव पंजावर घातला, मग साखळीवर. मी फाटकावर होतो. बोटं मोडल्याचा आवाज मी ऐकला आणि मला बरं वाटलं. पत्रकात असं लिहीत नाहीत, म्हणून इथं लिहितो. दोघा मजुरांनी पार्वताबाईला ओली चादर गुंडाळून सायकलवर मधोमध धरलं आणि पळवत नेलं. ती जगली.

मालकाचा निरोप आला: पुन्हा बाहेरदेशी जा, तिकीट मी काढतो, केस करत नाही. माझ्या तोंडून निघून गेलं, "मामा, सध्या जा." मला वाटलं आता बसते. त्यानं हात उचललाच नाही. "जायचंच होतं तं दात कायले देले असते, भाऊ?"

चार दिवसांनी, दिवे लागायच्या वेळेला, घरी जाताना चौघांनी त्याला गाठलं. त्यांच्या हातात तीच तुटलेली साखळी होती. भंडाऱ्याला नेईपर्यंत तो गेला. पाठीवर कडीन्‌कडी उमटली होती. पोलिसांनी अपघात लिहिला. ट्रकचा.

दुसऱ्या सकाळी मी नवं पत्रक घेऊन फाटकावर गेलो. त्यात विनंती नव्हती. पण ते वाचायला कुणी थांबलं नाही. एकेक मजूर येई, सायकल बाहेरच्या भिंतीला टेकवी, कुलूप न लावता, आणि आत कामाला जाई. पार्वताबाईच्या नवऱ्यानंही तसंच केलं. मुनशी बांधलेला हात गळ्यात अडकवून, दुसऱ्या हातात नवीकोरी साखळी घेऊन शेडमध्ये उभा होता. ओवायला त्याच्यासमोर एकही चाक नव्हतं.