भुरीचे मालक

राबिगानं नवऱ्याचं नाव उभ्या जन्मात तोंडावाटे काढलं नव्हतं. त्या डोंगराळ मुलखात कुठलीच सून काढत नाही. नवऱ्याचं नाही, सासऱ्याचं नाही, थोरल्या दिराचं तर नाहीच नाही. सुनेनं आपणच काहीतरी नाव शोधायचं आणि त्यावर संसार रेटायचा. थोरल्या दिराला, तेमिरगालीला, ती तोंडावर 'थोरले' म्हणायची आणि रागावली की मनातल्या मनात 'ढोल'. नवऱ्यासाठी मात्र तिला बरीच वर्षं धड नाव सापडलं नाही. मग घरच्या घोडीला राखाडी रंगाचं शिंगरू झालं, तीच भुरी, आणि हा बाबा खुळ्यासारखा त्याच्यामागे फिरायला लागला. एकदा शेजारीण विचारायला आली, तेव्हा राबिगा वैतागून म्हणाली, "भुरीचे मालक घरात नाहीत. असतील भुरीच्या शेपटीला लटकलेले." शेजारीण हसून हसून बेजार झाली, गावभर सांगत सुटली, आणि नाव चिकटलं ते चिकटलंच.

भुरीचे मालक वारले त्यालाही आता बरीच वर्षं झाली होती. मागे राहिली साठी ओलांडलेली राबिगा, थोडी मेंढरं, एक गाय, म्हातारी होत चाललेली भुरी, डोंगराला पाठ लावून बसलेलं दगडी घर आणि घरामागची उन्हाची उतरण.

त्या उतरणीवरच तिचं सगळं चालायचं. खालच्या सपाटीत एके काळी सरकारी शेताचे गहू डुलायचे. राबिगानं स्वतः तिथं कापणीच्या दिवसांत भाकऱ्या थापल्या होत्या. पण ती माती नांगराची नव्हतीच. वरचा काळा थर वाऱ्यानं उचलून नेला, मग सरकारी शेत मोडलं, ट्रॅक्टर ज्याच्या हाती लागले त्याचे झाले, आणि आता तिथं नुसता कडू दवणा उगवायचा. राहिलं काय, तर डोंगर. उन्हाळ्यात मेंढरं पलीकडच्या अंगाला, वरच्या झऱ्यांकडे न्यायची आणि हिवाळ्यात परत घरामागे आणायची. उन्हाच्या उतरणीवर बर्फ टिकत नाही, वारा झाडून नेतो, आणि खालचं वाळलेलं गवत मेंढरांना मिळतं. पण मिळणार कधी? उन्हाळ्यात कुणी खाल्लं नसेल तेव्हाच ना! भुरीचे मालक उन्हाळाभर त्या उतरणीवर कुणाचं खूर पडू देत नसत. ते गेल्यावर राबिगा काठी घेऊन राखण करू लागली.

शेजारची उतरण तेमिरगालीची. त्याचे गुडघे दुखायचे आणि वरच्या झऱ्यांपर्यंत चढायचा त्याला कंटाळा, म्हणून त्याची मेंढरं उन्हाळाभर दारातच चरायची. ऑगस्ट उजाडेपर्यंत त्याची उतरण तासून ठेवल्यासारखी व्हायची, आणि मग मेंढरं हळूच इकडे सरकायची.

"अगं सूनबाई, गवत राखतेस का सोनं?" तो कुंपणावरून ओरडायचा. "बँकेत नेऊन ठेव की त्यापेक्षा!"

"तुमची मेंढरं आवरा आधी, थोरले! परत इकडे दिसली तर एकेकीची लोकर उतरवून पाठवीन."

थोरल्या दिराला असं बोलू नये हे खरं. पण सासूनं नाव घेऊ नको एवढंच बजावलं होतं. बाकीचं राबिगानं आपल्या सोयीनं लावून घेतलं होतं.

थंडी पडायला लागली की तिकडे प्रत्येक घर हिवाळ्याच्या मांसासाठी एक घोडा कापतं. त्या वर्षी तेमिरगाली सुरी घेऊनच आला. बाईनं जनावर कापायचं नाही ही तिथली रीत, तेव्हा राबिगाकडचं कापायचं काम दर वर्षी त्याच्याचकडे असायचं. चहा पिता पिता तो सुरीला धार लावत बसला.

"भुरी काढ यंदा," तो म्हणाला. "दात झिजलेत तिचे. अजून एक हिवाळा गेला की नुसतं कातडं उरेल."

"भुरीला हात लावायचा नाही."

"मग काय, तिची पालखी काढायची?"

"काढीन नाहीतर डोक्यावर घेऊन नाचेन. मालकांची घोडी आहे ती. तुम्ही ती गाभण न राहणारी गाय कापा."

"मालकांची!" तेमिरगालीनं कपाळाला हात लावला. "माझा भाऊही खुळा आणि बायकोही तशीच मिळाली. गायीच्या मांसावर हिवाळा काढणारी तुलाच पहिल्यांदा बघतोय." पण गाय कापली त्यानं. कापता कापता बडबडत राहिला, तो भाग वेगळा.

भुरी अजूनही वाटेवरच्या झऱ्याशी आपणहून थांबायची. मालक तिथं उतरून पाणी प्यायचे. राबिगा पाठीवर असली तरी भुरी थांबायची, मान वळवून वाट बघायची, आणि मग पुढे निघायची. राबिगानं तिला कधी टाच मारली नाही.

ऐन हिवाळ्यात, कधी नाही तो, पाऊस पडला. दिवसभर बर्फावर पाऊस. संध्याकाळी वारा फिरला, उत्तरेकडून आला, आणि सकाळी राबिगा दार उघडून बाहेर पडली तर पायच ठरेना. डोंगर, सपाटी, वाटा, सगळं जाड काचेखाली गेलं होतं. खालचं गवत दिसत होतं, आणि मेंढरं त्यावर नुसती खुरं घासत होती. जुत आला होता. तिथली म्हातारी माणसं हा शब्द हळू आवाजात काढतात, कारण जुत आला की गोठेच्या गोठे रिकामे होतात.

हे बर्फ फोडायचं बळ एकट्या घोड्याच्या पायात. घोडा पुढच्या पायानं ठोकतो, फोडतो, चार घास खातो आणि पुढे सरकतो; मागून मेंढरं त्या उघड्या जागेत तोंडं घालतात. तेमिरगालीचे घोडे शरद ऋतूतच गावच्या कळपाबरोबर डोंगरापलीकडे लांबच्या मैदानात गेले होते आणि वाट बंद झाली होती. त्याच्या दारात एक ट्रॅक्टर होता खरा, पण डिझेल कुठलं? त्यात कोंबड्या बसायच्या. अख्ख्या खोऱ्यात घोडा म्हणाल तर एक भुरी.

राबिगाला सगळं ठाऊक होतं. फुटलेल्या बर्फाची धार घोड्याच्या नडग्या सोलून काढते. म्हातारं जनावर किती दिवस तग धरणार? रचून ठेवलेलं थोडं गवत एकट्या भुरीला वसंतापर्यंत पुरलं असतं. भुरी गोठ्यात उभी राहून जगली असती आणि मेंढरं बाहेर मेली असती. आणि मेंढरं गेली तर राबिगाला राहिलं काय? कारागांदा शहरात लेकीकडे जायचं, चौथ्या मजल्यावरच्या खिडकीत बसायचं आणि रस्त्यावरच्या गाड्या बघत मरायचं. लेक चांगली होती, जावईही वाईट नव्हता, पण राबिगाला ते नको होतं. तिला इथंच मरायचं होतं, या उतरणीखाली.

तिनं पेटी उघडली. लग्नात आईनं दिलेला नक्षीचा नमदा, लोकर दाबून केलेली जाड बैठक, बाहेर काढला आणि कात्रीनं त्याच्या उभ्या पट्ट्या कापल्या. लाल-पांढरी शिंगांची नक्षी त्यावर आईनं दोन हिवाळे बसून भरली होती. त्या पट्ट्या तिनं भुरीच्या पुढच्या पायांना गुंडाळल्या, दोरीनं घट्ट बांधल्या आणि तिच्या कानाशी म्हणाली, "चल बाई. माझा इलाज नाही."

भुरी चालली. उतरणीवर उभी राहिली, वाकून हुंगली, आणि पाय आपटला. पहिल्या दोन वेळा नुसता आवाज झाला. तिसऱ्या वेळी बर्फ तडकलं आणि खालून मालकांनी राखायला शिकवलेलं, उन्हाळाभर कुणी न खाल्लेलं गवत वर आलं. मेंढरं धावली.

असे काही दिवस गेले. संध्याकाळी राबिगा पट्ट्या सोडायची, जखमांना मेंढीची चरबी लावायची, सकाळी पुन्हा बांधायची. भुरी थकत होती, पण तगत होती. राबिगाची मेंढरं थोडी होती. तेवढ्यांपुरतं ती ओढून नेईल असं राबिगाला वाटायला लागलं होतं.

आणि मग एका सकाळी खाली तेमिरगाली उभा दिसला. मागे त्याची मेंढरं, बरगड्या निघालेली, काही तर एकमेकांची लोकर चावून खाणारी. त्याची उतरण उन्हाळ्यातच संपली होती. तिथं बर्फ फोडून उपयोग नव्हता. एरवी गावभर ऐकू जाणारा माणूस टोपी हातात धरून नुसता उभा होता.

राबिगाच्या जिभेवर पुष्कळ काही आलं. बँकेतलं सोनं आलं, पालखी आली. भुरीकडे बघितलं तर तिच्या नमद्याच्या पट्ट्या लाल झाल्या होत्या, नक्षीची लाली वेगळी कळतही नव्हती. एवढ्या मेंढरांपुढे ही टिकणार नाही, हे तिला लख्ख दिसत होतं. हाकलून दिलं असतं तर कुणी नावं ठेवली नसती. पण खाली उभ्या मेंढ्यांच्या पोटांत कोकरं होती, आणि उभा होता तो तिच्या नवऱ्याचा सख्खा भाऊ.

"उभे काय राहिलात खांबासारखे?" ती ओरडली. "आणा वर!"

तेमिरगालीनं टोपी डोक्यावर घातली, ती डोळ्यांवर ओढली आणि मेंढरं वर घातली. त्या दिवसापासून तो भुरीच्या बाजूनं चालायचा, लोखंडी कांबीनं जमेल तेवढं बर्फ फोडायचा. म्हातारा माणूस, किती फोडणार! भुरीच फोडत होती.

ती पडली ती सकाळच्याच वेळी, उतरणीच्या मध्यावर. आधी पुढचे गुडघे टेकले, मग कूस. उठायचा प्रयत्न केला, जमला नाही. राबिगा तिच्यापाशी बसली, हात फिरवला आणि तेमिरगालीला म्हणाली, "सुरी काढा."

"सूनबाई..."

"काढा म्हणते ना! आपोआप मेली तर मांस हराम होईल. हिवाळ्याचं मांस संपलं, दोन घरांत खायला काय उरलंय आपल्याकडे? आणि तिचे हाल तरी थांबतील."

तेमिरगालीनं भुरीचं तोंड किबल्याकडे, मक्केच्या दिशेला वळवलं. सुरी काढली. बिस्मिल्ला म्हटलं. आणि त्याची नजर त्या नमद्याच्या पट्ट्यांवर गेली. हात तिथंच थांबला.

"होत नाही गं माझ्याच्यानं."

"का? थंडीच्या तोंडाशी तर धार लावून आला होतात!"

"तेव्हा हिनं माझं काही केलं नव्हतं," तो म्हणाला. "माझ्या मेंढरांनी मारलं हिला. आणि वर मीच कापू?"

राबिगानं त्याच्या हातातली सुरी हिसकावून घेतली. रीत गेली चुलीत, तिला वाटलं. पण भुरीनं मान उचलून तिच्याकडे बघितलं, झऱ्याशी बघायची तसं, आणि राबिगाचाही हात उठला नाही. सुरी तिनं लांब बर्फावर भिरकावली आणि भुरीचं डोकं मांडीवर घेतलं. दोघं म्हातारी तिथंच बसून राहिली. भोवती मेंढरं खात होती. ऊन डोक्यावर आलं तेव्हा भुरीचा श्वास थांबला. एवढं मांस लांडग्या-कोल्ह्यांच्या पोटी गेलं, आणि दोन्ही घरांनी उरलेला हिवाळा पिठाच्या पेजेवर काढला.

काही दिवसांनी दक्षिणेचं वारं सुटलं आणि बर्फ मऊ पडलं. तेमिरगालीची निम्मी मेंढरं वाचली, राबिगाची जवळजवळ सगळी. उतरणीवर ट्यूलिप उगवली तेव्हा दोन्ही गोठ्यांत कोकरं ओरडत होती. तेमिरगालीनं त्या वर्षी सगळ्यांच्या आधी मेंढरं वरच्या झऱ्यांकडे हाकली. गुडघ्यांबद्दल चकार शब्द काढला नाही.

मग एक दिवस तो हातात पोतं घेऊन आला. चांगल्या घोड्याची कवटी तिथं पायदळी पडू देत नाहीत, उंचावर नेऊन ठेवतात. त्यानं भुरीची कवटी शोधली होती, झऱ्यात स्वच्छ धुतली होती. दोघं धापा टाकत माथ्यावरच्या खडकांपर्यंत चढली. तेमिरगालीनं कवटी सगळ्यांत वरच्या खडकावर ठेवली, तोंड उतरणीकडे करून. खाली दोन्ही घरं दिसत होती, आणि अलीकडच्या टेकाडावर त्याच्या भावाची कबर.

"आलोच आहोत तर त्याच्यासाठी दुआ मागू," तो म्हणाला. दोघांनी तळवे पसरले. त्यानं कुराणातली आयत म्हटली, चेहऱ्यावरून हात फिरवले. "तूही बोल काहीतरी त्याच्याशी."

राबिगानं कबरीकडे तोंड केलं. "भुरीचे..." ती म्हणाली, आणि थांबली. भुरीच नव्हती, तर मालक कशाचे? डोळ्यांत पाणी आलं, ते तिनं पुसलंही नाही. "थोरले," ती म्हणाली, "आता काय म्हणू हो मी त्यांना?"

तेमिरगालीनं टोपी काढली.

"नाव घे," तो म्हणाला. "आई नाही, बाप नाही, घरात थोरला आता मीच. मी सांगतो, घे नाव."

सगळ्या संसारात एकदाही न उच्चारलेलं ते नाव राबिगानं आधी ओठांतल्या ओठांत म्हणून बघितलं. मग खाली ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "येरमुखान, गवत राखलं होतं मी. पण तुमची भुरी नाही राखता आली."