सात पायांची बकरी

मी दिगंबरला फसवलं. त्याने मला नाही — उलटं सांगत फिरलो तो मीच. हे आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही.

दिगंबरचा कन्नड गावात छोटा स्टुडिओ होता. पासपोर्टचे फोटो, लग्नं, बारशी. माझा शहरात, औरंगपुऱ्यात — दुसऱ्याच्या काउंटरवर उभं राहून, शिव्या खाऊन, मग स्वतःचा उभा केलेला. दर रविवारी आम्ही दोघं डोंगरदऱ्यांचे फोटो काढायला जायचो. तो एका क्लिकमध्ये जे येईल ते घ्यायचा. मी एचडीआर करायचो. म्हणजे कॅमेरा ट्रायपॉडवर घट्ट बसवायचा आणि त्याच दृश्याचे तीन फोटो घ्यायचे — एक काळपट, म्हणजे आकाश जळून पांढरं पडत नाही; एक मधला; एक उजळ, म्हणजे दरीतलं झाडन् झाड दिसतं. मग कॉम्प्युटरवर तिन्ही एकात मिसळायचे. यात चोरी काही नाही. चोरी कुठे झाली ते सांगतो.

शहरात फोटोग्राफीचं एक मंडळ होतं. त्याची सूत्रं एका निवृत्त प्राध्यापकाच्या हातात. महागडा कॅमेरा, मऊ आवाज. माझे फोटो पाहिले की म्हणायचा, ‘मिठाईच्या डब्यावर छान दिसेल.’ चारचौघांत म्हणायचा. लोक हसायचे, मी चहाचा कप फोडायचा तेवढा बाकी ठेवायचो. तुम्हाला कुणी असं वर्षानुवर्षं हसलंय का? हसलं असेल तर माझा संताप कळेल. नसेल कळत तर राहू द्या.

मंडळाची स्पर्धा लागली. नियम एकच — फोटो एका क्लिकचा हवा, जोडकाम चालणार नाही. आणि पहिला येईल त्याचे फोटो एका नव्या हॉटेलच्या भिंतींवर लागणार. मी ठरवलं, जोडलेलाच द्यायचा. बघू या प्राध्यापकाच्या डोळ्यांना काय कळतं ते.

कन्नडच्या घाटात संध्याकाळी काढलेला फोटो दिला. दिगंबरनेही त्याच जागेवरून, माझ्या खांद्याला खांदा लावून काढलेला दिला. त्याच्या फोटोत सूर्य होता आणि खाली नुसती काळी दरी. माझ्यात सगळंच होतं. मी पहिला आलो, तो दुसरा.

हॉलमध्ये फोटो लावलेले, लोक जमलेले. दिगंबर माझ्या फोटोजवळ गेला, चष्मा वर केला आणि कोपऱ्यावर बोट ठेवलं. तीन फोटो घेताना जे हलतं ते मिसळल्यावर दुहेरी दिसतं — हे मला ठाऊक होतं. मी आकाश तपासलं, झाडं तपासली. कड्यावर चरणारी बकरी तपासायची राहिली.

‘किशोरभाऊ, या बकरीला सात पाय हायेत,’ तो म्हणाला. हळूच म्हणाला, मला सावध करायला. पण शेजारच्याने ऐकलं आणि मोठ्याने विचारलं, काय, काय?

सौद्यात समोरचा बरोबर असला की मी आवाज चढवतो. ही माझी जुनी सवय. त्यावरच तर धंदा उभा केला.

‘एक नाय, दोन बकऱ्या हायेत त्या!’ मी ओरडलो.

‘मंग आठ पाय पायजेत की.’

‘एक लंगडी व्हती!’

हॉलमध्ये हशा फुटला. कुणीतरी मागून ‘वा उस्ताद!’ म्हणालं. दिगंबर तेवढंच म्हणाला, ‘भाऊ, मी तिथंच उभा व्हतो.’ आणि मी — ऐका आता — मी म्हणालो, ‘दुसरा आला म्हणून जळतोय. आठ दिवसांपूर्वी हाच मला म्हणत होता, मला जोडकाम शिकवा.’

शेवटचं वाक्य निव्वळ खोटं. त्याने कधीच शिकवा म्हटलं नव्हतं. मीच शिकवतो म्हणालो होतो, त्याने नको म्हटलं होतं. पण त्या वाक्याने काम केलं. लोक त्याच्याच फोटोकडे संशयाने बघू लागले. व्यासपीठावर माईक घेऊन बसलेल्या प्राध्यापकाने त्याचा दुसरा नंबरही काढून घेतला. बकरी माझ्या फोटोतली, पण ‘लंगडी’ हे नाव त्याला पडलं, आणि ते कन्नडपर्यंत त्याच्या आधी पोहोचलं. लग्नाच्या मांडवात पोरं त्याला ‘ओ लंगडी, इकडं बघा’ म्हणायची. त्याने रविवार बंद केले. मग डोंगराचा फोटो काढणंच बंद केलं.

मी त्याला फोन केला का? नाही. लाज वाटली म्हणून नाही असं लिहिलं असतं, पण ते खोटं आहे. हॉटेलचं काम चालू होतं. त्याने तोंड उघडू नये एवढंच मला हवं होतं.

काम संपल्यावर प्राध्यापक माझ्या दुकानात आला. चहा घेता घेता म्हणाला, ‘जोडलेला होता हे मला पहिल्याच नजरेत कळलं होतं. पण उगाच मंडळाचा तमाशा कशाला?’ आणि हसला.

मी त्याच्यासाठी आणखी एक चहा मागवला. एरवी दहा रुपयांवरून गल्ली डोक्यावर घेणारा मी.

मी खोटं बोललो ते माझ्या पदरात. त्यात एक कणही कुणाला वाटून देत नाही. पण प्राध्यापक सर, तुम्हाला माहीत होतं. तुम्ही व्यासपीठावर होतात, माईक तुमच्या हातात होता आणि तुम्ही हसणाऱ्यांत सामील होतात. दुसऱ्या क्रमांकावरून एका खऱ्या माणसाचं नाव खोडलं ते तुमच्याच पेनाने. मला उत्तर देऊ नका, माझा तो हक्क नाही. कन्नडला जा, त्याच्या दुकानासमोर उभे राहा आणि का खोडलंत ते दिगंबरला सांगा.