दारातली शेळी

सुमनच्या, माझ्या बायकोच्या मृत्यूनंतर आज पहिल्यांदा तिची चित्रं पुसायला घेतली. ती स्वतःला नेहमी शेळीच्या रूपात रंगवायची. शेळी दारात उभी, पुढचे पाय अंगणात, मागचे घरात. मी चिडवायचो, "या बाई आत येणार की बाहेर जाणार?"

ब्रश धूत ती म्हणायची, "तिचंच ठरत नाहीये. तुम्हाला कसली घाई?"

माझ्या घरात ती बांधल्यासारखी राहिली का, हा प्रश्न हल्ली छळतो. म्हणून प्रत्येक चित्रात शेळीच्या मानेभोवती दावं शोधलं. कुठेच नव्हतं. म्हणजे ती रोज आपणहून थांबत होती. हायसं वाटलं. मग दिसलं, प्रत्येक चित्रात ती बाहेर बघते आहे. तिकडे काय आहे, हे मी एकदाही विचारलं नव्हतं.