करड्या मांजरीचं ऑपरेशन

जवाहर नगरमधल्या आमच्या गल्लीतल्या मांजरी पोत्यात घालायच्या आणि लांब विश्वकर्मा औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यांकडे सोडून यायच्या, असं घरमालकीणबाईंनी ठरवलं होतं. मी आडवी आले. नसबंदी करू, त्या आपोआप कमी होतील, म्हणून महिनाभर त्यांचं डोकं खाल्लं. शेवटी त्या तयार झाल्या, ऑपरेशननंतर मांजरी ठेवायला गॅरेजसुद्धा दिलं. मी साताऱ्याची, या हिंदी मुलखात येऊनही हट्टी. माहेरी फोन करून बढाया मारल्या.

पहिली धरली ती करडी. रोज सकाळी माझ्या ताटलीच्या आवाजाला यायची, म्हणून तीच सोपी. त्या दिवशी ताटली पिंजऱ्यात ठेवली. ती आत गेली, दार पडलं आणि मला चक्क आनंद झाला. तिच्या पोटाकडे नीट बघायचंही सुचलं नाही.

संध्याकाळी तिला दवाखान्यातून आणायला गेले तर डॉक्टरांनी विचारलं, "इसके बच्चे कहाँ हैं? ये तो दूध पिला रही थी."

रक्त बरंच गेलं होतं, दोन दिवस तरी तिला गॅरेजमधून सोडता येणार नव्हतं. बाईंनी आणि मी गल्ली पालथी घातली. गाड्यांखाली, टाक्यांमागे, जिन्याखालच्या भंगारात. बाई दुखऱ्या गुडघ्यांनी वाकून वाकून बघत होत्या. दुसऱ्या दिवशी दुपारी थकून जरा पडले, तर बाल्कनीतल्या कूलरमध्ये बारीक कुरकुर सुरू. दिवाळीपासून कूलर बंद, आत दरवर्षी कबुतरं घरटं करतात. मी वैतागून पत्र्यावर थाप मारली. आवाज थांबला.

तिसऱ्या दिवशी गॅरेजचं दार उघडलं. करडी माझ्याकडे न बघता जिना चढली, बाल्कनीत गेली आणि कूलरच्या सुटलेल्या जाळीतून आत शिरली. तीन पिल्लं होती. गार पडलेली. ती एकेकाला चाटत राहिली. मला स्वतःची किळस आली.

"तूने तो भला ही सोचा था, बेटा," बाई म्हणाल्या. त्या चिडल्या असत्या तर बरं झालं असतं.

गल्लीत अजून दोन माद्या आहेत. त्यांना कधी नेणार, असं बाई विचारतात. नाही नेलं तर पोतं आहेच. पिंजऱ्याला हात लावायची माझी हिंमत होत नाही.

करडीला आता पिल्लं होणार नाहीत. ऑपरेशनची खूण म्हणून कानाचं टोक कापलंय. अजूनही रोज सकाळी ताटलीच्या आवाजाला येते, माझ्या हातचं खाते आणि कूलरमध्ये जाऊन बसते. उन्हाळा चांगलाच तापलाय. कूलर मी अजून लावलेला नाही.