फलाफलाची परीक्षा

नाशकात चांगलं फलाफल कुठे मिळतं, याचा शोध आमच्या वरच्या मजल्यावरचे काका घेत असतात आणि सोबत मला ओढतात. हरभऱ्याच्या त्या वड्यांना ते मिसळीचाच नियम लावतात: न मागता कुणीतरी पुन्हा रस्सा वाढायला आलं पाहिजे. फलाफलाला रस्सा नसतो म्हटलं, तर म्हणतात, "मग ती पांढरी चटणी तरी विचारावी माणसाने." कॉलेज रोडला सगळे यातच नापास झाले.

परवा गंगापूर रोडला ताटल्या आल्या आणि पाठोपाठ मालक वाडगा घेऊन आला.

"काका, चटणी अजून वाढू?"

काकांनी ताटलीवर हात आडवा धरला. "नको, पुरे." मग समाधानाने माझ्याकडे वळले. "फलाफल खावं तर इथलंच."

वड्याला त्यांनी अजून हातही लावला नव्हता.